अरे-तुरेवाली सोदाम

हाम सोदामला कोरियन येत होतं ते घरातलं. ब्यूनस आयर्सला तिच्या आईवडिलांचं टी-शर्टांचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी स्पॅनिश चालायचं आणि रात्रीच्या जेवणाला कोरियन. आई लेकीला जे बोलते तेवढंच तिच्या कानावर पडलेलं: जेव, झोप, दमलीस का, इकडे बघ. वडीलधाऱ्यांशी बोलायची अदबीची भाषा तिला कुणी शिकवली नव्हती. तिथे वडीलधारी अशी आईबाबांशिवाय होती कोण?

पंधराव्या वर्षी गाण्याचे ग्रुप काढणाऱ्या एका कंपनीच्या निवडीत तिचा नंबर लागला आणि ती सोलला आली. मग काही वर्षं नाच, गाणं आणि रोजचा वजनकाटा. नीट बोलायला शीक, असं सगळे सांगायचे, पण शिकवायला वेळ कुणालाच नव्हता. शेवटी पाच मुलींचा ‘बाराम’ नावाचा ग्रुप लोकांपुढे आला. पहिली दोन गाणी आली आणि गेली, कुणाच्या लक्षातही राहिली नाहीत. ग्रुपची म्होरकी जिनजू. पाचही जणींत खरा गळा तिचाच, पण तो ऐकायला कुणी थांबत नव्हतं.

अशात त्यांना एका मनोरंजनाच्या कार्यक्रमात पाहुण्या म्हणून बोलावलं. सूत्रसंचालक मो ग्वांगसिक साठी उलटलेले. विनोदी नट म्हणून अख्खा देश त्यांना ‘सर’ म्हणायचा. सकाळपासून बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. सोदामला त्यांची खरोखरच दया आली आणि कॅमेरा चालू असतानाच ती म्हणाली, “तू जेवलास का? तोंड किती सुकलंय तुझं.”

जिनजूने मान खाली घातली. मग मो सरच हसू लागले. “नाही गं बाई. सकाळपासून हे विचारणारी तूच पहिली.”

दोन दिवसांत तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर फिरला. सोदाम ‘अरे-तुरेवाली’ झाली. मो सरांनी तिला कार्यक्रमात कायमची जागा दिली. शेवयांच्या जाहिरातीतही तिने त्या कंपनीच्या म्हाताऱ्या मालकाला अरे-तुरे केलं. बारामची गाणीही मग लोक ऐकू लागले.

“तुझ्या कृपेने आमचं बरं चाललंय,” जिनजू म्हणायची. यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते सोदामला कळायचं नाही. “उद्या राष्ट्राध्यक्ष भेटले तर त्यांनाही म्हण, काय रे, कसा आहेस.”

“म्हणेन की ताई. तू सोबत चल, माफी मागायला.”

पण सोदाम मुळात अभ्यासू पोर. गाडीत, मेकअपच्या खुर्चीत, जिथे जागा मिळेल तिथे ती वाचत राहिली. पुस्तकं वाचली, वर्तमानपत्रं वाचली, कुणाशी काय बोललं म्हणजे शोभतं ते नीट कान देऊन ऐकलं. तिसऱ्या वर्षी तर ती जिनजूने चाहत्यांना लिहिलेल्या मजकुरातल्या चुका काढायला लागली.

“सातासमुद्रापलीकडून येऊन मला शुद्धलेखन शिकवतेस का गं?”

“कुणीतरी शिकवायला हवं ना, ताई.”

मो सर रजेवर असताना एका चित्रीकरणात ती म्हाताऱ्या पाहुण्याशी पूर्ण अदबीने बोलली. तो भाग वगळला गेला. बारामचा मॅनेजर तेग्यू गाडीत तिला म्हणाला, “सोदाम, तू बरोबर बोललीस तर तुला कोण बघणार? बरोबर तर सगळेच बोलतात.”

“पण दादा, मला आता येतं.”

“येऊ दे की. आम्हाला माहीत आहे ना, तेवढं बास.”

तेव्हापासून कार्यक्रमाची लेखिका तिच्या चुका आधीच लिहून द्यायला लागली. सोदाम त्या पाठ करायची. पूर्वी तोंडातून सहज निघायचं ते आता आठवून बोलावं लागे, आणि लोक हसले की तिला ओले कपडे अंगाला चिकटल्यासारखं वाटे. तिने कुणाला सांगितलं नाही. पाच जणींचं पोट त्याच्यावर चाललं होतं.

त्या हिवाळ्यात मो सरांची बायको वारली. काकूंनी सोदामला दोनदा घरी जेवायला बोलावलं होतं, दुसऱ्या वेळी किमचीचा डबाही बांधून दिला होता. बातमी कळताच ती काळे कपडे घालून इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या शोकगृहात गेली. फोटोपुढे फूल ठेवलं, दोनदा जमिनीला डोकं टेकवलं आणि मो सरांसमोर येऊन वाकली. सरांचा पुतण्या बाजूलाच उभा होता. अरे-तुरेवाली आता काय बोलते या उत्सुकतेने त्याने हळूच फोन काढला.

“सर, आपलं सांत्वन कोणत्या शब्दांत करावं, मला समजत नाही,” सोदाम म्हणाली. “काकूंनी मला पोटच्या मुलीसारखं जेवू घातलं. आपण तब्येतीची काळजी घ्यावी.”

मो सर म्हणाले, “तुला येतं की.”

“हो, सर. बरेच दिवस झाले.”

“मग तिथे मला अरे कशाला म्हणतेस?”

“लिहून देतात, सर.”

सरांनी मान हलवली. “बस, जेवून जा.” तिथल्या रिवाजाप्रमाणे तिने मांसाचा तिखट रस्सा आणि भात खाल्ला आणि ती घरी आली.

पुतण्याने ते सगळं नेटवर टाकलं. पहिल्या दिवशी लोक हळहळले, दुसऱ्या दिवशी भडकले. आम्हाला वर्षानुवर्षं वेड्यात काढलं, भोळेपणाचं सोंग केलं, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. शेवयांची जाहिरात बंद पडली. कंपनीने तिच्यासाठी चार ओळी तयार केल्या: ती वाक्यं मी कुणाकडून तरी पाठ करून गेले होते, मला अजून नीट बोलता येत नाही.

“वाच आणि मोकळी हो,” तेग्यू म्हणाला. “महिनाभरात लोक विसरतील.”

“हे खोटं आहे, दादा.”

“आजवर जे केलंस ते काय होतं?”

“तेही खोटंच होतं. म्हणून तर.”

तेग्यूने जिनजूकडे पाहिलं. ती समजावेल असं त्याला वाटलं असावं. जिनजू म्हणाली, “तिला शिकायला सांगितलं कोणी? आपणच. आता शिकली म्हणून माफी मागायची?”

सोदामने स्वतःच लिहिलं: मला पूर्वी येत नव्हतं, मग मी शिकले, आणि तरी न येण्याचं नाटक करत राहिले. नाटकाबद्दल क्षमा मागते. शिकल्याबद्दल मागत नाही.

कार्यक्रमातली जागा गेली. मो सरांनी एकदा तिची बाजू घेतली, पण पुढच्या हंगामात तेही निवृत्त झाले. बारामने अजून दोन गाणी केली. करार संपल्यावर पाचही जणी आपापल्या वाटेने गेल्या. जिनजू संगीत नाटकात गेली आणि तिथे तिचा गळा लोकांनी पहिल्यांदा नीट ऐकला. सोदामला कुठूनच बोलावणं येईना. एक वर्ष तिने मुलांना स्पॅनिश शिकवलं. मग एका लहानशा रेडिओ केंद्रात रात्री आठचा तासभराचा कार्यक्रम मिळाला. श्रोत्यांची पत्रं वाचायची, मधे गाणी लावायची. ऐकणारे फार नव्हते, पण होते ते रोजचे.

सोलला रात्रीचे आठ म्हणजे ब्यूनस आयर्सला सकाळचे आठ. आई दुकानाचं शटर वर करून मोबाईलवर लेकीचा कार्यक्रम लावायची आणि संपल्या संपल्या फोन करायची. ती तरुणपणी देश सोडून गेलेली, तिची भाषा तिथेच थांबलेली.

“आज तू तीन शब्द बोललीस, मला एकही कळला नाही. आमच्या वेळी नव्हते ते.”

“कुठले?”

आईने पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहून ठेवलेले शब्द अडखळत वाचले. सोदामने घरी निघायला चढवलेला कोट काढून पुन्हा खुंटीला लावला, खुर्ची ओढली आणि पहिल्या शब्दाचा अर्थ सांगायला सुरुवात केली.