केसरीनाथचं वाकडं बोट

काल्हेरच्या पन्नाशी ओलांडलेल्यांच्या क्रिकेट टीमचा कीपर केसरीनाथ साठीला टेकला होता, तरी स्टंपामागे बसला की बेडकासारखा टुणकन उडायचा. बापाच्या भातखाचरांवर आता गोदामं उभी होती, त्यांचा कारभार मुलगा देवेश बघायचा. त्यामुळे केसरीनाथला रविवारी मॅच आणि बाकीचे दिवस त्या मॅचच्या गप्पा एवढंच काम उरलं होतं. त्यात तो पूर्ण सुखी होता.

उजव्या तळव्यात, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, त्याला एक गाठ लागली तेव्हा त्याला वाटलं, बॉल लागून लागून घट्टा पडला असेल. भिवंडीचे मोमीन डॉक्टर त्याच्या साखरेवर लक्ष ठेवून होते. पुढच्या खेपेला त्याने त्यांना हात दाखवला. डॉक्टरांनी अंगठ्याने गाठ दाबली.

"दुखतं?"

"न्हाय."

"मग आज काही करायचं नाही. कातडीखालचा पडदा जाड होतो, त्याची दोरी बनते आणि हळूहळू बोट आत ओढलं जातं. कुणाचं बोट वर्षानुवर्षं तसंच राहतं, कुणाचं वाकतं. अधूनमधून पंजा टेबलावर पालथा ठेवून बघा. ज्या दिवशी सपाट बसणार नाही, त्या दिवशी उशीर न करता या."

डॉक्टरांनी त्या दुखण्याचं इंग्रजी नावही सांगितलं. केसरीनाथला ते 'डुप्लिकेट'सारखं काहीतरी ऐकू आलं, आणि तेच त्याने घरी येऊन सांगितलं. "डुप्लिकेट नावाचा रोग हाय. डॉक्टर बोलले, काय करायची गरज न्हाय." बायको कमळाने सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरांचं उरलेलं बोलणं त्याने भिवंडीतच सोडून दिलं होतं.

दोन पावसाळे गेले. गाठीची दोरी झाली आणि ते बोट वाकू लागलं. मैदानात कुणी विचारलं की केसरीनाथ म्हणायचा, "सरळ बोटानं तूप निघत न्हाय म्हणतात. माझं आयतंच वाकडं हाय." सगळे हसायचे, तोही हसायचा. टेनिसचा बॉल मोकळ्या हातात आला की त्या बोटाच्या आकड्यात अडकून राहतो, असंही तो सांगायचा, आणि एखाद-दोन कॅच तशा अडकल्याही होत्या.

फक्त हात मिळवताना पंचाईत व्हायची. वडपे गावच्या टीमचा कॅप्टन धिप्पाड, झुपकेदार मिशीचा माणूस. मॅच संपल्यावर त्याने केसरीनाथचा हात हातात घेतला आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला. केसरीनाथच्या बोटाने त्याच्या तळव्यात भरपूर गुदगुली केली होती.

"काका, या वयात हे शोभतं का?" तो म्हणाला.

काल्हेरचा कॅप्टन मनोज हसून हसून पिचवर बसला. त्या दिवसापासून केसरीनाथ लांबूनच नमस्कार करू लागला. वडप्याची मंडळी म्हणाली, माणूस सुधारला.

मग आला आधार कार्डाचा दिवस. नवरा-बायको दोघांचे ठसे नव्याने द्यायचे होते, म्हणून ती दोघं भिवंडीच्या केंद्रात रांग लावून बसली. कमळाचे ठसे झटक्यात उमटले. केसरीनाथने उजवा हात काचेवर ठेवला. मशीन गप्प राहिलं.

"चाचा, पंजा सीधा रखो," काउंटरवरचा तरुण म्हणाला.

"सीधाच हाय."

"उँगली उठी हुई है. दबाओ."

केसरीनाथने दाबलं. डाव्या हाताने उजवा हात दाबला. मग तो तरुण उठून आला आणि त्यानेही दाबलं. मागच्या रांगेतली एक बुरखेवाली वयस्कर बाई सल्ला देऊ लागली, गरम पाण्यात बुडवा म्हणून. तळव्याखाली इतकी पोकळी राहिली होती की एखादं लिंबू सहज मावलं असतं. वाकडं बोट काचेला लागतच नव्हतं.

"आयला," केसरीनाथ पुटपुटला, "डॉक्टर बोललेला तसंच झालं."

कमळाची मान गर्रकन वळली. "काय बोललेला डॉक्टर?"

केसरीनाथने छताकडे बघितलं. तिथे पंखा फिरत होता, त्याची काही मदत झाली नाही. शेवटी मशीनने हार मानली, तरुणाने काहीतरी वेगळं बटण दाबून काम उरकलं, आणि रिक्षात बसल्यावर केसरीनाथला उरलेलं सगळं सांगावं लागलं.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला अर्धाच डॉक्टर ऐकवलात," कमळा म्हणाली. काल्हेर येईपर्यंत ती पुढे काही बोलली नाही. ती बोलत असली की केसरीनाथला भीती वाटत नसे, गप्प बसली की वाटायची.

आपल्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं म्हणून दुसऱ्या दिवशी तो कोन गावाला थोरल्या भावाकडे गेला. काळूराम लग्नानंतर सासऱ्याची जमीन सांभाळायला कोनला राहायला गेला तो तिथलाच झाला होता. त्याच्याही हाताला हेच होतं, आणि कित्येक वर्षांपासून. त्याचं कधी काही अडलेलं केसरीनाथने बघितलं नव्हतं. दादा म्हणेल, अरे सोड, काय होत न्हाय, आणि ते आपण कमळाला सांगू, असा त्याचा बेत होता.

काळूराम ओटीवर चहा पीत बसला होता. डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं तळव्याला चिकटून मिटलेली होती.

"दादा, तुला तरास होतो काय रं याचा?"

"न्हाय," काळूराम म्हणाला.

केसरीनाथचा चेहरा खुलला. "मी तेच बोलतंय. उगाच डॉक्टर कशाला."

काळूरामने बशी खाली ठेवली. "केशा, तू तोंड कुठल्या हातानं धुतोस?"

केसरीनाथने नकळत डावा हात उचलला. उजव्या हाताने तोंड धुताना बोट डोळ्यात जायचं, म्हणून तो कधीपासून डाव्या हाताने धुवायचा. मोबाईलही डाव्या खिशात आला होता, कारण उजवा हात खिशात शिरताना अडायचा. हे सगळं कधी बदललं ते त्याला आठवेना.

"मी पण तसाच शिकलो," काळूराम म्हणाला. "आधी भातकापणी होऊ दे म्हटलं. मग पोरीचं लगीन. मग घराचं काम. दुखलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो. दुखतच न्हाय, तर जाणार कशाला? मागच्या वर्षी सून जबरदस्तीनं घेऊन गेली. डॉक्टर बोलले, आता बोटाचा सांधाच धरलाय. दोरी कापू, पण बोट उघडेल याची खात्री न्हाय. मग मीच न्हाय म्हटलं. मना तरास न्हाय, खरं हाय. पण तरास न्हाय तो या हाताला कामच उरलं न्हाय म्हणून." तो स्वतःशीच हसला. "तू अजून बॉल पकडतोस ना? मग माझ्याकडं काय विचारायला आलास?"

केसरीनाथ जेवायलाही न थांबता परतला. घरी आल्यावर कमळाला एवढंच म्हणाला, "मोमीन डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन ठाण्याला जाऊ."

ठाण्याच्या डॉक्टरीणबाई फक्त हातांचीच ऑपरेशनं करायच्या. त्यांनी बोट सरळ करून बघितलं, कोनमापकासारख्या पट्टीने ते किती वाकलंय ते मोजलं आणि विचारलं, "या हाताने काय काय करता?"

"कीपिंग करतो," केसरीनाथ म्हणाला. कमळाने कपाळावर हात मारून घेतला, पण बाईंनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

त्यांनी नीट समजावलं. सांधा अजून आखडलेला नाही, म्हणून आत्ता ऑपरेशन केलं तर बोट बरंच सरळ होईल. नंतर व्यायाम, रात्री बोटाला पट्टी. पुढे कधी दोरी परत येऊही शकते, त्याची हमी कुणी देत नाही. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "पण वर्षभर लांबवू नका."

केसरीनाथने चाचपडत विचारलं, "जानेवारीत स्पर्धा हाय आमची. त्यानंतर केलं तर?"

"चालेल की. महिन्या-दोन महिन्यांनी बिघडत नाही. जानेवारीनंतर तुमच्या स्पर्धा नसतात ना?"

"त्याच्यानंतर वडप्याची असते," कमळा म्हणाली. "मग लग्नसराई. मग पाऊस."

केसरीनाथ आपल्या पंज्याकडे बघत राहिला. भातकापणी, पोरीचं लगीन, घराचं काम. मग त्याने मान वर केली. "स्पर्धेच्या आधीच करा," तो म्हणाला. "तारीख द्या, म्हणजे माझं मन फिरायला नको."

ऑपरेशनच्या वेळी फक्त हातच बधिर केला होता. पडद्यापलीकडे बाई काम करत असताना केसरीनाथ भूलतज्ज्ञाला मागच्या वर्षीच्या फायनलची शेवटची ओव्हर सांगत होता. तळव्यावर नागमोडी टाके पडले. घरी आल्यावर व्यायामाची जबाबदारी कमळाने घेतली, आणि ती कुठल्याही कोचपेक्षा कडक निघाली. बोट वाकवा, सरळ करा, परत वाकवा. तो कुरकुरला की ती म्हणायची, "अर्धाच व्यायाम ऐकलात काय?"

जानेवारीत स्पर्धा झाली. हाताला पट्टी असल्यामुळे मनोजने त्याला माईकवर बसवला. केसरीनाथने आगरी बोलीत कॉमेंट्री सुरू केली आणि मैदानाभोवती माणसं वाढू लागली. बॅट्समन रन आऊट झाला तर तो सांगायचा की हा घरी पण जेवणाच्या हाकेला असाच उशिरा पोचतो, त्याच्या बायकोला विचारा. बायको प्रेक्षकांतच बसलेली असायची आणि मान डोलवायची. वडप्याच्या मिशीवाल्या कॅप्टनवर तर त्याने इतकं तोंडसुख घेतलं की तो पाणी प्यायच्या निमित्ताने मुद्दाम माईकजवळ येऊन उभा राहू लागला. काल्हेर सेमीफायनलला हरलं. नवा कीपर कॅच सोडत होता, हे सांगताना केसरीनाथचा आवाज थोडा जास्तच आनंदी होता.

लग्नसराईच्या आधी डॉक्टरीणबाईंनी खेळायला परवानगी दिली. बोट अगदी फुटपट्टीसारखं झालं नव्हतं, टोकाला किंचित बाक राहिला होता, पण तळवा उघडत होता. पहिल्याच रविवारी केसरीनाथ स्टंपामागे बसला. कमळा झाडाखाली खुर्ची टाकून बघायला आली होती. तिसऱ्याच बॉलला बॅटची कड लागली आणि साधा, सोपा कॅच थेट त्याच्या दोन्ही हातांत आला. आला आणि खाली पडला.

मनोज स्लिपमधून म्हणाला, "काका, बोट वाकडं होतं तेच बरं होतं."

"ऊन डोळ्यांवर आलं," केसरीनाथ म्हणाला. सूर्य त्याच्या पाठीशी होता. त्याने बॉल उचलला, उजव्या पंजात दोनदा झेलला आणि बॉलरकडे फेकून पुन्हा खाली बसला.