दोरा पुरेना

दोन हजार तेवीस साली धर्माबादला मिरची चांगली आली होती, आणि बायकांचे केस त्याहून चांगले येऊ लागलेत अशी बातमी होती.

दर शुक्रवारी बाजारामागच्या एका रिकाम्या गोदामात बायका जमायच्या. मिरचीची पोती नुकतीच हलवलेली, त्यामुळे आत पाऊल टाकलं की शिंका. नरसिंग नावाचा माईकवाला त्याचाही शुभशकुन करायचा. "शिंकल्या ना आक्का? डोक्यातली जुनी हवा निघाली. सरका, पुढं सरका."

समोर चौरंगावर मेंदीमाय. पन्नाशीची बाई, हिरवं पातळ, कमरेखाली गेलेली मनगटाएवढी वेणी. तिच्यामागे खिळ्यांना काळे दोरे टांगलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. नवी बाई आली की पहिल्याच दिवशी तिच्या वेणीभोवती दोरा एकदा फिरवायचा, टोकाला टोक लागेल तिथे कापायचा आणि खिळ्याला टांगायचा. मग काही शुक्रवार मेंदी, आणि शेवटी उद्यापनाला तोच दोरा पुन्हा वेणीभोवती.

मी गेले त्या दिवशी दीपमालाचं उद्यापन होतं. सराफ गल्लीतली सून, कडेवर तान्हं लेकरू.

"दीपमालाताई, दोरा हाच ना? चिठ्ठी तुमच्याच हातची ना?" नरसिंगनं माईकवर विचारलं.

"हाव, माझीच हाय."

मेंदीमायनं डोळे मिटून दोरा फिरवला. टोकाला टोक लागेना. मध्ये चांगली बोटभर जागा, म्हणजे वेणी तेवढी भरली.

"दोरा पुरेना," नरसिंग गरजला, आणि सगळं गोदाम त्याच्यामागून तेच म्हणू लागलं. माझ्या शेजारची बाई रडत होती. तिला विचारलं काय झालं, तर म्हणाली, "मिरची."

मग प्रवचन. "लेकींनो, केस म्हंजे डोक्यावरचं रान. मेंदी हिरवी, रान हिरवं. हिरव्यानं हिरवं वाढतंय."

"मग केस हिरवे का होत नाहीत?" मी मागून विचारलं.

"ह्या कोण?" मेंदीमायनं विचारलं.

"रिटायर बाई हायेत, झेडपीच्या शाळंतल्या," कुणीतरी सांगितलं. "इज्ञान शिकवायच्या."

"इज्ञान मेंदीतबी हाय," मेंदीमाय प्रेमानं म्हणाली. "मेंदीच्या पानात अँटिना असतो. वरची ऊर्जा खेचून मुळात सोडतो. तुमच्या टायमाला पुस्तकात नसंल."

नव्हता खरा. आमच्या वेळी मेंदीला फक्त पानं होती. शाळेच्या कुंपणालाच मेंदी होती. आई ती पानं पाट्यावर वाटायची, चहाच्या पाण्यात लोखंडी कढईत रात्रभर भिजवायची आणि सकाळी डोक्यावर थापून उन्हात बसायची. केस तांबूस व्हायचे, जरा राठ व्हायचे, दिसायला भरल्यासारखे दिसायचे. पण मेंदीनं नवे केस उगवतात असं आई कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, मेंदी लावली की डोकं शांत होतं, आणि डोक्यावर चिखल आहे तोवर सासू काम सांगत नाही. मेंदीचे एवढे दोन गुण मलाही मान्य आहेत.

मी गोदामात गेले होते ती शेजारच्या उज्वलासाठी. पार्वतीबाई आणि श्रीमंत यांची ही लेक पोलीस भरतीची तयारी करत होती. केस लहानपणापासून रेशमासारखे बारीक, त्यात वर्षभरात मुठीनं गळायला लागले. एका स्थळाकडची आत्या बघायला आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "पोरगी ब्येस हाय, पन येनी हाय का उंदराची शेपूट?" मैदानावर चार पोरांना मागे टाकणारी पोरगी त्या दिवशी डोक्यावरून ओढणी घेऊन बसली ती बसलीच.

मीच तिला सरकारी दवाखान्यात डॉ. विशाखाकडे नेलं. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन जेमतेम सात. डॉक्टर म्हणाली, "रक्तात लोह नाही, म्हणून केस गळतात आणि दम लागतो. गोळ्या सोडायच्या नाहीत." पोरीनं थोडे दिवस नेमानं घेतल्या, दम सुधारायला लागला, आणि तेवढ्यात पार्वती तिला मेंदीमायकडे घेऊन गेली. मेंदीमायनं गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन नाक मुरडलं. "लोखंड पोटात अन् मेंदी डोक्यात, ह्यांचं जमत न्हाई. मेंदी रुसती."

पाकीट माळ्यावर गेलं. भरतीच्या मैदानी चाचणीला थोडेच आठवडे उरले होते आणि सरावात उज्वला अर्ध्यातच गुडघ्यावर हात ठेवून थांबायला लागली. एकदा तर भोवळ येऊन खालीच बसली. मी पार्वतीला गाठलं.

"पार्वती, पोरीच्या गोळ्या बंद केल्यास?"

"बंद न्हाई बाई, थांबवल्या. केस आले की करू चालू."

"आणि धावताना पडली तर?"

"केस आले तं लगीन तरी हुईल. पळून कुटं जायाचंय तिला?"

"मेंदी कशात भिजवतेस?"

"लोखंडी कढईत. मायनंच सांगितलंय, दुसरं भांडं चालतच न्हाई."

"मग कढईतलं लोखंड मेंदीला चालतं?"

पार्वतीनं विचार केला. "कढई भायेर असती ना, बाई."

विशाखालाही मी घरी बोलावलं. तिनं बिचारीनं कागदावर केसाचं मूळ काढून दाखवलं, वर दिसणारा केस मेलेला असतो, त्याला काहीही फासलं तरी मूळ जाड होत नाही, हे समजावलं. ती गेल्यावर पार्वती म्हणाली, "पोरगी हुशार हाय. पन तिचेच केस खांद्याच्या वर हायेत. सोताचं जमंना, ती दुसऱ्याला काय सांगून राहिली?"

उत्तर सापडलं ते माझ्याच न्हाणीघरात. रविवारी मी केस धुतले, वाळवले, वेणी घातली आणि रबर लावायला गेले. तेल लावलेलं असताना जे रबर तीन वेढे घेतं ते दोनातच संपलं. दर रविवारी हेच होतं. जगातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. तेलानं केस एकमेकांना चिकटतात, वेणी दबते. धुऊन वाळवले की फुलतात. आणि मेंदीमाय पहिल्या दिवशी काय करायची? एरंडेल. कानामागून ओघळ येईपर्यंत एरंडेल, मग बारीक कंगवा, मग डोळे ताणले जातील अशी घट्ट वेणी, आणि तिच्यावर दोरा. त्यानंतर उद्यापनापर्यंत तेलाचा थेंब वर्ज्य. शेवटी रिठा-शिकेकाईनं धुवायचं, उन्हात वाळवायचं, मायनं स्वतः सैलसर वेणी घालायची, आणि मग मोजायचं. एवढ्या बायका त्या गोदामात रोज स्वतःची वेणी घालत होत्या, पण देवाच्या नावानं दुसऱ्यानं घातली की आपलीच वेणी कुणाला ओळखू येईना.

हे पार्वतीला दाखवायचं कसं? उज्वलाच्या डोक्याला ती तेलाचं बोट लावू देईना. माझी वेणी आता इतकी बारीक की दोऱ्यात फरक दिसला नसता. उरली पार्वतीची म्हैस. मैना. तिच्या शेपटीचा गोंडा उज्वलाच्या वेणीपेक्षा दाट होता.

मी आणि उज्वलानं गोंड्याला एरंडेल चोपडलं, विंचरला, घट्ट वेणी घातली आणि दोरा मापून कापला. मैनानं तेवढ्यात माझ्या तोंडावर एक तेलकट फटका दिला. श्रीमंत वैरण टाकता टाकता बघत होता. "बाई, रिटायर झाल्यावर मानसानं काईतरी नाद लावून घ्यावा म्हनतात. पन ह्यो लईच झाला."

दुसऱ्या दिवशी कपड्याच्या साबणानं गोंडा धुतला, उन्हात वाळवला, सैल वेणी घातली. पार्वतीला बोलावून तिच्याच हातानं दोरा फिरवायला लावला. टोकाला टोक लागेना.

"दोरा पुरेना," उज्वला म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

पार्वती मात्र म्हशीला हात जोडून उभी. "गोठ्याच्या दाराला मायचा फोटू हाय. त्येचा गुन. मुक्या जनावराला बी पावली माय."

मी पुन्हा एरंडेल घेतलं, गोंडा विंचरला, घट्ट वेणी घातली. दोरा बरोबर पुरला.

"फोटो तर तिथंच आहे, पार्वती. गुण कुठे गेला?"

पार्वतीनं दोरा पुन्हा एकदा फिरवून बघितला. "मैनाची श्रद्धा ढळली आसंल," ती म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. श्रीमंत मात्र वैरण सोडून गोठ्याबाहेर जाऊन हसत होता.

पुढच्याच शुक्रवारी उज्वलाचं उद्यापन. मी मागे बसले होते. पोरगी काय करणार हे मला सांगून आली नव्हती. केस धुऊन वाळवले गेले, मेंदीमायनं वेणी घातली, दोरा फिरवला. बोटभर कमी. गोदाम दुमदुमलं. नरसिंग माईकवर पेटला होता. "ही वाढ पक्की. ऊन लागू द्या, पानी लागू द्या, तेल लागू द्या, मायची वाढ कवाच उतरत न्हाई."

"मंग तेल लावून मोजा," उज्वला म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढली.

मेंदीमायनं बाटली हातानं बाजूला सारली. "उद्यापनाला तेल वर्ज्य हाय, बाळ."

"उद्यापन झालं की आता. पहिल्या दिवशी तेल लावून मोजलं, आज बी तसंच मोजा. दाट झालेले केस तेलानं बारीक हुतात व्हय?"

मेंदीमायनं नरसिंगकडे जी नजर टाकली ती मी अजून विसरले नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली. उज्वला स्वतःच तेल लावायला लागली. तेवढ्यात पार्वती उठली. मला वाटलं, ही आता पोरीला ओढून खाली आणणार. तिनं पोरीच्या हातातली बाटली घेतली. "आसं न्हाई. मुळापासनं लाव," म्हणाली, आणि शाळेच्या दिवसांत रोज सकाळी घालायची तशी करकचून वेणी घातली. मग खिळ्यावरचा दोरा स्वतःच फिरवला.

टोकाला टोक लागलं. लागून वर दोरा उरला. चांगला नखभर.

पार्वतीनं तो उरलेला तुकडा चिमटीत धरला. हळू आवाजात म्हणाली, "बाई, हे तं कमी झाले की ओ."

"झालेच ना. गोळ्या बंद आहेत."

"अविश्वासानं आक्रसले," मेंदीमाय म्हणाली. "बघितलंत? शंका घेतली की केस आक्रसतात."

पहिल्या रांगेतली म्हातारी गुणाबाई पदर खोचून उठली. "आक्रसू दे. दीपमाले, तू ये. तुजी तं लई श्रद्धा हाय. तुला बी तेल लावून बगू."

दीपमालाचा दोरा मात्र तेल लावूनही पुरला नाही. थोडा का होईना, कमीच पडला. नरसिंगचा जीव भांड्यात पडला. "बघा, बघा," त्यानं सुरुवात केली, पण मी पुढे जाऊन माईक मागून घेतला. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईनं हात पुढे केला की माणूस हातातली वस्तू देतोच.

"दीपमाला, दोरा कापला तेव्हा बाळ केवढं होतं?"

"पाचेक महिन्यांचं."

"केस कधीपासून गळत होते?"

"बाळ झाल्यावर थोड्या दिवसांनी."

"इथं बाळंतपणानंतर आणखी कुणाचे केस गळले?" अर्ध्याअधिक हात वर झाले. "मेंदीमायकडे न येता परत कुणाचे आले?" जवळपास तेवढेच हात वर राहिले. मला लहानपणी टायफॉइड झाला होता. ताप गेल्यावर डोकं विरळ झालं आणि पुढे आपोआप भरलं. तेव्हा मेंदीमाय जन्मली नव्हती.

मग मी तेल, शिकेकाई, घट्ट वेणी, सैल वेणी सगळं उलगडून सांगितलं. मेंदी वाईट नाही हेही सांगितलं. ती केसाला वरून रंगाचा लेप देते, म्हणून केस जरा जाड वाटतो. मुळाला ती शिवत नाही, पोटातल्या गोळीशी तिचं भांडण नाही. मैनाची शेपटीही सांगितली. शिंका, हसू आणि मिरचीचं पाणी एकाच वेळी आलं. हसणं थांबलं तेव्हा चौरंग रिकामा होता.

मेंदीमाय आता लातूरकडे एका गावात ब्यूटी पार्लर चालवते असं ऐकते. माझी भाची जाऊन आली. मेंदी छान लावते म्हणाली, आणि दोरा फक्त भुवयांना वापरते. नरसिंग निवडणुकीत रिक्षातून प्रचार करतो; दोन पक्षांचा, सकाळी एकाचा, संध्याकाळी दुसऱ्याचा. दीपमालाचं लेकरू बालवाडीत जातं. मैनाला रेडकू झालं, आणि मला बघितलं की ती अजून शेपटी दुसरीकडे वळवते.

उज्वलाची त्या वर्षीची भरती हुकली. गोळ्या त्याच संध्याकाळी माळ्यावरून खाली आल्या, पण रक्त काही आठवड्यांत भरत नाही. मैदानी चाचणीत शेवटच्या वळणावर तिचा दम गेला. घरी येऊन ती न जेवताच झोपली, आणि पार्वतीनंही ताट घेतलं नाही. पुढच्या भरतीला मात्र पोरगी लागली. आता नांदेडला आहे. ट्रेनिंगला जाताना तिनं स्वतःच केस कानापर्यंत कापून घेतले. पार्वती रडली, मग म्हणाली, "येनीच न्हाई तं कुनी मोजणार कशी?" ती आत्या त्याच मुलाचं स्थळ घेऊन पुन्हा आली होती. उज्वलानं तिला चहा दिला आणि ड्यूटी आहे म्हणून निघून गेली.

पार्वती सुधारली असं मी म्हणणार नाही. मध्ये किनवटकडच्या कुठल्या विहिरीच्या पाण्यानं गुडघे बरे होतात म्हणून निघाली होती. पण जाण्याआधी माझ्याकडे येऊन विचारलं, "बाई, हे आदी कुनावर करून बगायचं?" मला तेवढं पुष्कळ वाटलं.

ज्यांचे केस बारीक आहेत त्यांनी मेंदी खुशाल लावावी, उन्हात बसावं, सासूला दोन तास विसरावं. पण केस मुठीनं गळायला लागले तर आधी रक्त तपासून घ्या, आणि कुणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरची गोळी बंद करू नका. आणि कुणी चमत्कार मोजून दाखवला, तर त्याला एवढंच सांगा, की पहिल्यांदा मोजलंत अगदी तसंच दुसऱ्यांदाही मोजा. खरं असेल त्याला याची भीती वाटत नाही.