तीन ठोके

छापखाना खाली आणि संसार वर. खालचं मशीन सुरू झालं की वरचे कप कपाटात नाचायचे. त्यावर मावशींनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी उपाय शोधला होता. लाटण्याने जमिनीवर तीन ठोके मारायचे, की खाली नवरा मशीन बंद करी. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करी, ही गोष्ट वेगळी. गेली एकतीस वर्षं हेच चाललं होतं.

चार दिवसांपूर्वी मात्र मावशींच्या डोक्याचा भुगा झाला. "एक तर ते मशीन राहील, नाहीतर मी," त्या म्हणाल्या. छापखानेवाले नुसते चष्मा पुसत बसले. तेव्हापासून अबोला. खाली मशीनही गप्प होतं, पण हातात काम नसेल म्हणून, असं मावशी धरून चालल्या. नवऱ्याच्या बाबतीत चांगलं धरून चालायची सवय कधीच सुटली होती.

आज सकाळी त्यांनी बॅग भरली. अकराच्या गाडीने लेकीकडे, कायमचं. शेवटची साडी कोंबत होत्या, तोच कप नाचायला लागले. मग कपाटही. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं.

"निघतानासुद्धा सुख नाही मेलं!" मावशींनी लाटणं घेतलं आणि जीव खाऊन तीन ठोके हाणले.

सगळं थांबलं. अगदी त्याच क्षणी.

मावशी चकित झाल्या. इतकं पटकन त्यांचं कुणीच ऐकलं नव्हतं. राग थोडा उतरलाही. तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली आणि छापखानेवाले दारात उभे. एका पायात चप्पल, चेहरा पांढराफटक.

"लागलं का गं तुला कुठं?"

"मला काय होतंय? मशीन मात्र लगेच बंद केलंत हो."

"कुठलं मशीन? काल तू बाजारात गेलीस, तेव्हा भंगारवाला घेऊन गेला. तीन दिवस खोलत होतो."

मावशी लाटण्याकडे बघत राहिल्या. बाहेर गल्लीत आरडाओरडा चालला होता. कुणी तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊन, कुणी टॉवेलवर. इथे भूकंप म्हणजे शाळेच्या पुस्तकातला धडा. त्यामुळे निम्म्या गल्लीला पाण्याची टाकी फुटली असं वाटलं होतं.

"भूकंप होता अगं!"

"मग बाहेर पळायचं सोडून वर कशाला आलात? अक्कल गहाण ठेवलीत का?"

"तू ठोकलंस ना," ते दम खात म्हणाले. "बंद करायला खाली काही नव्हतं. मग वर आलो."

मावशींचे डोळे भरून आले. हा माणूस त्यांना फार आवडतो, हे चार दिवसांत त्या साफ विसरल्या होत्या.

"चल, आधी बाहेर चल," म्हणत छापखानेवाल्यांनी समोरची बॅग उचलली आणि दोघं जिना उतरले. गल्लीत शेजारीण म्हणाली, "मावशींची तयारी बघा! आम्हाला साधी किल्लीसुद्धा सुचली नाही."

छापखानेवाल्यांनी हातातल्या बॅगेकडे पाहिलं. ती चांगलीच जड होती. "ही कधी भरलीस गं?"

"सकाळी," मावशी म्हणाल्या. "भूकंपासाठी."

छापखानेवाल्यांनी मान डोलावली. तासाभराने सगळे घरात परतले, तेव्हा अकराची गाडी गेली होती. त्यांनीच बॅग वर नेली आणि एकेक साडी कपाटात लावून ठेवली, सगळ्या उलट्या घड्या करून.