पहिल्या प्रश्नाचे अवयव

सव्वीस वर्षं लेथ चालवल्यावर एके सकाळी टर्नरला कळलं, की आपण अशिक्षित आहोत. कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि साहेबांनी फर्मान काढलं: दहावी पास असेल त्यानेच यंत्राला हात लावायचा, बाकीच्यांनी पॅकिंगला जायचं. टर्नरचं दहावीचं गणित राहिलं होतं, तेही लग्नाआधीपासून. परीक्षेची संधी एकच होती.

बायको शिवणकाम करायची. तिला दहावीला गणितात सत्तर होते, आणि हे ती विसरू देत नसे. शिलाई मशीनशेजारी वही उघडून तिने त्याला बहुपदीचे अवयव पाडायला बसवलं.

"अहो, मधल्या पदाची फोड करायची. असे दोन आकडे शोधा, की गुणले तर बारा आणि मिळवले तर सात."

"सहा आणि दोन."

"त्यांची बेरीज आठ."

"एकाचाच तर फरक आहे."

"मग कमरेला इंचभर कमी पडलेली पँट घालून फिरा."

"अगं, पण हा एक्स मुळात आला कुठून?"

"आला म्हणजे आला. पाहुण्याला कोणी विचारतं का?"

"मी विचारतो."

"म्हणूनच माझ्या माहेरचं कोणी फिरकत नाही."

दोन महिन्यांत तो अवयव पाडायला शिकला. सावकाश, पण पाडायचा. शेवटच्या आठवड्यात बायकोने दिलेल्या दहापैकी नऊ बरोबर आले, तेव्हा ती काहीच बोलली नाही. तिच्याकडून ही मोठीच शाबासकी होती.

परीक्षेत पहिलंच गणित होतं: सहा एक्स वर्ग वजा एक्स वजा बारा. नऊ आणि आठ हे आकडे त्याला पाव तासात सापडले. त्याने अवयव मांडले, गुणून पाहिले, तर मधला एक्स अधिक आला. हवा होता वजा. चिन्हं कुठे उलटली ते काही केल्या दिसेना. त्याने सगळं खोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.

तासाभराने पर्यवेक्षक बाई वाकून म्हणाल्या, "काका, हे राहू द्या, पुढचं घ्या."

काकांना ते पटण्यासारखं नव्हतं. लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, बसवलेला जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पुरा झाल्याशिवाय उतरवायचा नाही. अर्धवट उतरवला, की मध्य हलतो. मग कितीही नीट बसवा, तो पहिल्यासारखा फिरत नाही. सव्वीस वर्षांत त्याने असा एकही जॉब उतरवला नव्हता. साहेब ओरडले तरीही नाही.

वजा नऊ, अधिक आठ. हे सुचलं तेव्हा वेळ संपायला चार मिनिटं उरली होती. त्याने अवयव पाडले, दोनदा गुणून पाहिले आणि खाली पट्टीने रेघ मारली. रेघ सुरेख आली. बाईंनी पेपर ओढून घेतला.

बायको फाटकाशी उभी होती.

"किती सोडवली?"

"एक."

"बरोबर आलं?"

"शंभर टक्के."

"त्याचे तीन गुण मिळतील."

"आणि पास व्हायला?"

"पस्तीस."

दोघं चालू लागली. कोपऱ्यावर वळताना ती म्हणाली, "साहेबांना सांगा, तब्येत बरी नव्हती. अजून एक संधी देतील कदाचित."

"सांगतो की. पण माझ्या मापाचा पॅकिंगचा कोट कालच स्टोअरमध्ये आलाय. पाठीवर नंबरही घातलाय."