जिभेखालचे किडे

अण्णारावांनी नव्या फ्रीजमधून बाटली काढली ती चिमटीत धरून, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तशी.

"किडे हायेत ह्याच्यात. राजेश्वर सांगून गेला," ते बायकोला, शिवगंगाला म्हणाले. "गळ्यात लिंग अन् जिभेखाली किडे? फेकून दे."

राजेश्वर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, बीडला औषधांच्या दुकानात बसणारा. अर्धवट सांगून घर पेटवण्यात पटाईत. शिवगंगा वर्षभर रोज पूजा आटोपून बाटलीतल्या औषधाचे थेंब जिभेखाली धरत होती. त्या थेंबांनीच तिच्या शिंका आणि दमा आवरला होता, उशा रचून बसल्या बसल्या झोपणं सुटलं होतं. पण किडे म्हटल्यावर तिला शिसारी आली. जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई ती. मोरीत जाऊन तिनं जीभ घासली, तरी मळमळ जाईना. थेंब बंद झाले. बाटली मात्र तिच्यानं फेकवली नाही.

दिवाळीची झाडलोट निघाली आणि छाती पुन्हा वाजू लागली. तिनं आष्टीच्या एस.टी.डी. बूथवरून थेंब देणाऱ्या नगरच्या डॉक्टरांना फोन लावला.

"खरंच किडे हायेत का त्याच्यात?"

"अंथरुणातल्या बारीक किड्यांचा अर्क आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना दिसत नाहीत, पण तुमच्या गादीत आहेतच. रोज नाकात जातात आणि शरीर त्यांना चोर समजून बोंब ठोकतं. तोच तुमचा दमा. रोज येणारा माणूस ओळखीचा झाला की दारातलं कुत्रं भुंकायचं थांबतं ना? तशी जिभेखालून थोडी थोडी ओळख करून द्यायची. वेळ लागतो, तीन वर्षं तरी. आधी पंप ओढा, छाती पूर्ण मोकळी झाली की थेंब चालू करा."

छाती मोकळी झाली, पण बाटली पाहिली की ओकारी यायची. अशातच एका दुपारी ती नवऱ्याचा डबा घेऊन त्याच्या दुकानामागच्या गिरणीत गेली. ऊसतोडीला निघालेल्या टोळीला द्यायचं पीठ दळणं चाललं होतं. हमाल म्हाळू ज्वारीचं पोतं ओतत होता आणि ज्वारीवर पोरकिडे नुसते वळवळत होते.

"मालक, लई किडलीय," म्हाळू म्हणाला.

"दळ बे. पिठात काय दिसतंय? कोयत्यावरची माणसं ती, त्यास्नी काय कळतंय," अण्णाराव म्हणाले. मग हात धुऊन, लिंगाला नमस्कार करून ते जेवायला बसले.

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! ती धुतलेली बोटं भाकरी मोडताना पाहून शिवगंगाला जी किळस आली, तशी बाटलीचीही आली नव्हती. निघताना तिनं त्याच पिठातलं थोडं पदरात बांधून घेतलं.

संध्याकाळी तिनं त्याची भाकरी थापली, ताटात वाढली आणि पहिला घास नवऱ्याच्या पोटात जाऊ दिला.

"टोळीच्या पिठाची हाय," ती म्हणाली.

अण्णाराव ताटावरून उठले ते थेट मोरीत. ओकून, चुळा भरून, लालबुंद होऊन परत आले तेव्हा ती फ्रीजजवळ उभी होती. थेंब जिभेखाली होते.

"बाटवलंस मला," ते ओरडले. "कावून केलंस असं? बोल की."

तोंड उघडून चालणार नव्हतं. ते शिव्या देत राहिले, ती त्यांच्याकडे बघत राहिली. वेळ झाल्यावर तिनं थेंब गिळले.

"उद्या टोळीला दुसरं पीठ द्या," ती म्हणाली. "न्हाईतर त्यांच्या मुकादमाला मी सांगते. अन् ह्या बाटलीला हात लावू नका."