गारव्यातला मका

उमरेड रस्त्यावर चंपतरावांची पोल्ट्री होती. तिथे कोंबड्या पाचशे, पण मे महिन्यात जास्त बडदास्त मक्याची. इतवारीच्या बाजारातून स्वतः पारखून आणलेला मका शेहेचाळीस डिग्रीत करपेल, या धास्तीने त्यांनी घरातला एकुलता एक कूलर खाद्याच्या खोलीत बसवला. दिवसातून तीनदा त्यात पाणी भरायचे. बायको गोपिका दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन पडायची आणि पोती हवा खायची.

पंधरा दिवसांत कोंबड्यांचे तुरे फिके पडले, अंडी निम्म्यावर आली आणि रोज तीन-चार जणी मान टाकू लागल्या. चंपतरावांनी उन्हाला दोष दिला, मग लसीला, मग शेजारच्या मनोहररावांच्या नजरेला. लिंबू-मिरची बांधून झाली. कोंबड्यांनी तिची दखल घेतली नाही. पावसाळा संपेपर्यंत शेड रिकामी होणार, हे दिसायला लागलं तेव्हा कुठे त्यांनी डॉक्टर अश्लेषांना बोलावलं.

अश्लेषांनी मेलेली कोंबडी चिरली. यकृत सुजलेलं, पिवळं. बोटाने दाबताच त्याचा भुगा झाला. खाद्य दाखवा म्हटल्यावर चंपतरावांनी अभिमानाने खोली उघडली. आत चिखलदऱ्याची थंड हवा होती. पोत्यात हात घातला तर मक्याचं ढेकूळ निघालं, वर हिरवट भुकटी.

"कूलर कोणासाठी?"

"मक्यासाठी, मॅडम."

अश्लेषांनी आधी कूलर बंद केला. मग त्यांनी समजावलं : कूलर गारव्याबरोबर ओलही फेकतो, बंद खोलीत ती दाण्यात मुरते, बुरशी धरते आणि बुरशीचं विष यकृत खातं. नमुना तपासायला जाईल, पण हा मका आजपासून बंद.

चंपतराव तो उन्हात वाळवायला तयार होते.

"बुरशी वाळेल, काका. विष नाही वाळत."

"मंग मनोहररावच्या म्हशीले देतो. कधीचा मांगून राहिला."

"ते दुधात उतरतं. तुमच्याकडे दूध कोणाचं येतं?"

चंपतरावांनी हातातल्या चहाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

संध्याकाळी त्यांनी स्वतः खड्डा खणून मका पुरला. खाद्य बदललं. तरी आठवडाभर कोंबड्या मरत होत्या. यकृत सावरायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. नवव्या दिवशी एकही मेली नाही. चंपतराव वाकून मोजत होते, तेवढ्यात एकीने त्यांच्या अंगठ्याचं सालटंच काढलं.

"गोपिका, हे पाह्य वं," रक्ताळलेला अंगठा नाचवत ते म्हणाले, "मले टोचून राहिली!"