गोठ्यातली गाडी

नाताळची संध्याकाळ. येशूजन्माच्या देखाव्यांचे गोठे बघायला फादर आणि स्पर्धेचे परीक्षक चौकात घरोघर फिरणार होते, आणि नेल्सनची गाडी बाळ येशूसमोर ढिम्म उभी होती.

जहाजावरच्या माणसाला नाताळची सुट्टी मिळते कधी? नेल्सनला यंदा मिळाली. परदेशातून हौसेनं खेळण्यातली रेल्वे आणली, "गोठ्याभोवती गाडी फिरणार" असं गावभर सांगून मोकळा झाला. आणि ही बया रोज दुपारी खटपट करून चालवावी तर दुसऱ्या सकाळी पुन्हा गप्प!

"तुझ्या त्या माळांनी करंट खाल्ला," तो बायकोवर खेकसला.

"माळा दुसऱ्या प्लगला आहेत. उगाच माझ्या नावानं खडे फोडू नकोस," कार्मिन म्हणाली आणि करंज्या तळायला निघून गेली.

नेल्सननं वायरी उपटून परत लावल्या. रुळांचे जोड एकेक करून दाबले. इंजिन उलटं धरून चाकांना थेट वायर टेकवली, तर चाकं गरगर फिरली. म्हणजे इंजिन ठणठणीत, ट्रान्सफॉर्मर ठणठणीत. मग मधल्यामध्ये करंट जातो कुठे, समुद्रात? वैतागून त्यानं रुळावर हात आपटला. हात घसरला. बोट काळं झालं. त्यानं वास घेतला. होडीच्या इंजिनाचं तेल! घरात तो डबा एकाच माणसाकडे असायचा.

"डॅडी! रुळांना तेल तू लावलंस?"

ओट्यावर बसलेल्या हेन्रीनं शांतपणे मान डोलावली. "रोज लावतो. लोखंड हाय ते. दर्याचं वारं ठेवील काय त्याला?"

"अरे देवा! करंट रुळांतनंच जातो, डॅडी! तेल लावलं की चाकाला मिळणार कसा? इतके दिवस डोकं फोडतोय मी!"

"मला काय ठाव?" म्हातारा चिडला. "तू जाशील जहाजावर. मागं कोन बघनार? तुझी शाळेची सायकल राखलीच ना मी? तू परत येशील तवा गंज दाखवू काय तुला?"

नेल्सननं मागच्या दाराकडे पाहिलं. मागच्या पडवीत ती सायकल टांगलेली होती. दर सुट्टीला तो ती बघायचा. तिला गंज का चढत नाही, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. राग तर होताच, पण आता तो काढायचा कुणावर?

"फडकं दे," तो म्हणाला.

दोघांनी मिळून स्पिरिटनं रूळ पुसले. "एवढं चांगलं तेल!" हेन्री पुटपुटत होता. परीक्षक आले, गाडी सुसाट फिरली, आणि बक्षीस शेजारच्या गोठ्याला गेलं. घ्या!

सुट्टी संपली. रिक्षा दारात उभी असताना नेल्सननं तेलाचा डबा स्वतःच बापाच्या हातात दिला.

"आता खुशाल लाव, डॅडी. फक्त मी यायच्या आधी पुसून ठेव."

"पुसतो," हेन्री म्हणाला. "तू ये तर खरा."